हेरिटेज यादीतल्या घराचा विमा: 44.8 लाख पुरतील का?

प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातलं स्वतःचं जुनं घर, हेरिटेज यादीत आहे. सागवानी खांब-तुळया, मंगलोरी कौलं, कार्पेट एरिया 140 चौ.मी. एजंटने चौ.मी.ला 32,000 रुपये धरून 44.8 लाखांची विमा रक्कम काढली आहे. पुरेल का?

पूर्ण घर गेलं तर नाही पुरणार. ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या प्रमाणित विमा पॉलिसीमध्ये इमारतीची रक्कम कार्पेट एरिया गुणिले बांधकाम खर्च अशीच निघते, इथवर त्याचं बरोबर आहे. पण त्याने लावलेला दर आरसीसी, म्हणजे सळ्या-काँक्रीटच्या, फ्लॅटच्या हिशोबाचा दिसतो. तुमची तुळई जळाली तर तिथे लोखंडी गर्डर टाकून सिमेंट थापायला हेरिटेजची परवानगी मिळेल असं धरून चालू नका. दर तुम्ही जाहीर करायचा आणि कंपनीने मान्य करायचा असतो. तेव्हा कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्टकडून (जुन्या वास्तू जतन करणाऱ्या वास्तुविशारदाकडून) पुनर्बांधणीचं अंदाजपत्रक घ्या: सागवान घनफुटात, चुन्याचं काम, कौलं, कोरीव कठडे, सुतारांची मजुरी, सगळं वेगवेगळं. ते प्रपोजल फॉर्मला (विम्याच्या अर्जाला) जोडा, पोच घ्या आणि घर यादीत असल्याचं फॉर्मवर स्पष्ट लिहा. बाजारभावाचा इथे संबंध नाही, जमीन काही जळत नाही.

‘कमी विमा असला तरी क्लेममध्ये त्या प्रमाणात कपात होत नाही’ असं एजंट म्हणेल. या पॉलिसीत ते खरं आहे, पण म्हणून भरपाई विमा रकमेच्या वर जात नाही.

आणखी एक गोम: बाहेरच्या जाड भिंती आणि व्हरांडा मुख्य घराच्या कार्पेट एरियात मोजले जात नाहीत. भिंतींचा खर्च दरातच पकडा. व्हरांडा, आउटहाउस आणि कंपाउंडची भिंत यांची रक्कम वेगळी जाहीर करा. ढिगारा उचलायला क्लेमच्या 2 टक्के आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीला 5 टक्के इतकीच तरतूद असते. ट्रक शिरत नाही अशा गल्लीत पाट्यांनी माल वाहताना ते 2 टक्के कधी संपतात कळतही नाही. पर्यायी घराच्या भाड्याची रक्कम ठरवताना दुरुस्तीच्या आधी परवानग्यांत जाणारे महिनेही धरा.

क्लेम अडतो तो मात्र बहुतेक वेळा रकमेवर नाही, कारणावर. वादळाने कौलं उडून आत पाणी आलं तर नुकसान विम्यात बसतं. वर्षानुवर्षं झिरपून तुळईचं टोक कुजलं, वाळवी लागली, तर ती झीज, आणि झिजेला भरपाई नाही. जुन्या भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आतच कोंडते आणि नेमकी भिंतीत शिरलेली तुळईची टोकं आधी जातात. म्हणून दर मे महिन्यात कौलं चाळून घ्या, टोकांजवळचे तारीख असलेले फोटो काढा, बिलं जपा. वादळानंतर हवामान खात्याची नोंद मागवाल ती जवळच्या केंद्राची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 74. कुलाबा जवळ असताना गिरगावच्या घराला सांताक्रूझचा आकडा जोडलात तर सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा) तिथेच बोट ठेवणार.

लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग असेल तर विम्याआधी बदला. एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा दाखला फाइलला लावा.

खाली दुकान किंवा वर होमस्टे असेल तर आधी सांगा, कारण ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. गॅलरीचा तुकडा गल्लीतल्या माणसावर पडला तर ती जबाबदारीही यात येत नाही, त्यासाठी वेगळी लायबिलिटी पॉलिसी लागते. चांदीची भांडी, जुनी चित्रं हवी असतील तर मौल्यवान वस्तूंचा पर्याय घ्या. एकूण 5 लाखांपर्यंत आणि एक वस्तू 1 लाखापर्यंत असेल तर मूल्यांकन दाखला लागत नाही.

आग किंवा पडझड झालीच तर टेकू लावा, फोटो काढा, पण सर्व्हेअर येईपर्यंत ढिगारा हलवू देऊ नका. वाचलेलं सागवान, कठडे, फरश्या हे सगळं भंगार म्हणून कंपनी मागू शकते. तुम्हाला तर तेच परत बसवायचं आहे. ते तुमच्याकडेच राहील आणि त्याची किंमत क्लेममधून वळती होईल, हे पहिल्याच भेटीत लेखी घ्या. किंमत भंगाराच्या दराने लागते की लाकडाच्या, त्यावरही आर्किटेक्टला नजर ठेवायला सांगा.