आईला हरिपाठाला जाऊ द्या, फक्त जाण्याची रीत बदला

तुम्ही पुण्याहून विचारलंय: आई 71 वर्षांची, पारोळ्याला राहते, गुडघे दुखतात, शुगर आहे. तरी रोज हरिपाठाला जाते, एकादशी सोडत नाही आणि यंदा चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर जायचं म्हणते. देवधर्माने म्हातारपणी तब्येत खरंच टिकते का, की तिला घरी बसवावं?

घरी बसवू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अमळनेर भागातली वयस्कर माणसंच माझ्याकडे जास्त येतात. घरच्यांनी काळजीपोटी बाहेर जाणं बंद केलं की सहा-आठ महिन्यांत माणूस कसं खंगतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

अमेरिकेत सुमारे 74 हजार नर्सेसचा 16 वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा प्रार्थनासभेला जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण 33 टक्क्यांनी कमी निघालं. आता कुणी म्हणेल, धडधाकट असतात तेच जातात! शंका रास्त आहे. म्हणून अशा अभ्यासांत आधीची तब्येत, सिगारेट, वजन, सगळं हिशेबात धरतात. तरी बराचसा फरक उरतो. आपल्याकडे प्रयागच्या माघमेळ्यातल्या कल्पवासींवरही काम झालंय. महिनाभर थंडीत, गोंगाटात तंबूत राहिलेली ही माणसं घरी परतल्यावर स्वतःची तब्येत आधीपेक्षा बरी सांगत होती, मेळ्याला न गेलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही.

दुसरी बाजूही सांगतो. 2006 साली बायपासच्या 1,802 पेशंटवर पाहिलं गेलं की परक्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर ऑपरेशननंतर त्रास कमी होतो का. झाला नाही. त्यामुळे गोळ्या सोडून नवसावर कुणी राहू नये. शरीराला जे मिळतं ते उठून, आवरून, चार माणसांत जाण्यातून.

हरिपाठाचंच घ्या. ठरलेल्या वेळी लुगडं नीट नेसून निघायचं, गल्ली ओलांडायची, तासभर टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणायचं. छातीचा एवढा व्यायाम मी सांगितला तर कुणी करणार नाही. आणि एक दिवस दिसली नाही तर शेजारची मावशी दारात येऊन विचारते, काल कुठं होतीस? पुण्याहून केलेल्या फोनला ते जमत नाही. माझ्या एक पेशंट नानी मला सरळ म्हणाल्या, "माले देऊळमा जाऊ द्या, मंग तुम्ही सांगशात ते करसू." त्यांनी खरंच केलं. गुडघ्याचे व्यायाम त्या न चुकता करतात, कारण त्यांना देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात.

आता रीत. गुडघ्याला जास्त त्रास खाली मांडी घालून बसण्याचा आणि तिथून उठण्याचा. देवळात एक खुर्ची ठेवून द्या, आणि एक नको, तीन-चार ठेवा. एकटीला खुर्चीवर बसायला आईला संकोच वाटेल. चौघी बसल्या की वाटणार नाही. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना फोड आलेला कळतसुद्धा नाही. जाड मोजे घालायला सांगा आणि रोज रात्री कुणीतरी तळपाय बघा.

एकादशीला मात्र ठाम राहा. साबुदाणा-बटाट्याने शुगर चढते, आणि काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की इतकी उतरते की घाम येतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतं. उपासाच्या दिवशी कोणती गोळी कशी घ्यायची हे आईच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. निर्जळी तर या वयात नकोच, बीपीची गोळी एक घोट पाण्याबरोबर घेतल्याने उपास मोडत नाही हे तिला तिच्याच कीर्तनकार महाराजांनी सांगितलं तर ती लगेच ऐकेल.

गडावर खुशाल न्या. पण चैत्रात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि यात्रेची गर्दी वेगळी. दिंडीबरोबर पायी जाण्याचा हट्ट असेल तर गावाच्या वेशीपर्यंत चालू द्या, पुढे गाडी. वणीला 2018 पासून रोपवे आहे, पायऱ्यांचा प्रश्न मिटलाय.

आणि एका गोष्टीवर लक्ष ठेवा. आई आपणहून "आज नको, कंटाळा आलाय" असं आठ-पंधरा दिवस म्हणत राहिली तर वयाचं कारण देऊन सोडू नका. अशा वेळी मी आधी विचारतो, ऐकू कमी येतं का, अंधारात पायरी दिसत नाही का, मध्ये कुठं पडली का? आणि बाईमाणसाला हमखास विचारावं लागतं, लघवी थांबवता येत नाही म्हणून तर नाही ना? हे ती मुलाला कधीच सांगणार नाही. बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांगा. यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, आणि बहुतेक बायकांना बराच फरक पडतो.