नाशिकमध्ये निर्वासित कुटुंबांना सेंद्रिय शेतीतून न्याय्य रोजगार देणारा सामाजिक उद्योग उभा राहू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की गिरणारे भागात ५ एकर जमीन ११ महिन्यांच्या करारावर मिळतेय. तिथे निर्वासित कुटुंबांना घेऊन सेंद्रिय द्राक्षं आणि भाजीपाला करायचा आणि नफ्यातला निम्मा वाटा त्यांना द्यायचा. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मी दिंडोरी तालुक्यात २ एकर बाग करतो, त्यामुळे मला आधी खटकला तो ११ हा आकडा.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या राष्ट्रीय नियमांत हंगामी पिकाला रूपांतराची २ वर्षं लागतात आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला ३. या काळात रासायनिक खतं-औषधं बंद, माल बहुधा कमी आणि दर मात्र साध्या मालाचाच. म्हणजे शेणखत, जीवामृत, गवत काढायची मजुरी हे सगळं तुमचं, आणि जमीन सुधारली की मालक म्हणणार, पुढच्या वर्षी आम्हीच करतो. मालकालाही दोष देता येत नाही. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही धास्ती आमच्याकडे आजोबांपासून चालत आलीय. म्हणून कोणी लांब मुदतीचं लेखी देत नाही, तोंडी मात्र दहा वर्षं देतात. एखाद्या संस्थेची किंवा ट्रस्टची पडीक जमीन ७-१० वर्षांसाठी लेखी मिळते का ते वकिलाला सोबत घेऊन बघा. मिळेपर्यंत द्राक्षाचं नावच काढू नका. कोथिंबीर, मेथी, टोमॅटोपुरतं ठेवा.

निर्वासित आणि शेती यांचं आपल्या देशातलं जुनं उदाहरण तिबेटी वसाहतींचं. १९६० साली म्हैसूर राज्याने बैलकुप्प्याला सुमारे ३००० एकर जमीन दिली, लोकांनी जंगल साफ करून मका लावला, सहकारी सोसायटी काढली. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे. बैलकुप्प्याचं यश मी फुगवून सांगणार नाही, कारण पावसावरच्या मक्यात वर्ष निघत नाही. हिवाळा आला की तिबेटी कुटुंबं गावोगाव स्वेटर विकायला बसतात ते काही हौसेने नाही. तरी ती वसाहत टिकली, कारण पायाखालची जमीन दरवर्षी बदलत नव्हती. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणातही २० वर्षांच्या भाडेपट्ट्याची गोष्ट आहे ती याचसाठी. २० वर्षं आणि ११ महिने, एवढंच शेजारी शेजारी लिहून बघा.

आपल्या शहरातही असा एक प्रयोग होऊन गेलाय, आणि रोज शरणपूर रोडने जाणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं पुढे इथे आणली गेली, त्यांना शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवलं गेलं. आफ्रिकेत फिरलेला संशोधक लिव्हिंगस्टन, त्याचं पार्थिव १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. पुढच्याच वर्षी मिशनने आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवलं आणि इथले बरेच जण तिकडे गेले. हाताला कसब मिळालं, पण त्यांनी कुठे राहायचं, काय करायचं हे ठरवणारे दुसरेच होते. हे तुमच्या योजनेतही होऊ शकतं, म्हणून सांगितलं.

कायद्याचं थोडक्यात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. युगांडात २००६ च्या कायद्याने निर्वासिताला काम करायचा हक्क आहे, वसाहतीत कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. इथे ते गृहीत धरू नका. प्रत्येक कुटुंबाची राहण्याची आणि कामाची कागदपत्रं आधी तपासून घ्या, नाहीतर अडचण तुमच्याआधी त्यांना येईल.

आता वाट्याबद्दल. द्राक्षात 'नफ्यातला निम्मा' म्हणजे काय, हे गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी कळतं. व्यापारी माल भरून नेतो आणि फोन उचलत नाही, तेव्हाही कळतं. मी अनुभवलंय. त्या वर्षी माझ्याकडे निदान जमीन होती. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला तोट्यात भागीदार करू नका. आधी ठरलेली मजुरी, दर आठवड्याला, त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या हातात. वाटा त्याच्या वर.

आणि वही. माझ्याकडे पेठ तालुक्यातली मजुरांची टोळी येते. ते निर्वासित नाहीत, पण घरची नागली-वरई पुरत नाही म्हणून दरवर्षी घर सोडतात. छाटणी, पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं रसायन), विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं त्यांच्या हातचं. एका वर्षी हिशेब करताना एका ताईंचे माझ्या वहीत ६१ दिवस निघाले. त्या म्हणाल्या, "भाऊ, सत्तर भरलेत." मी वही पुढे केली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही, मला पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे नेलं. भिंतीवर कोळशाच्या रेघा, बाजाराच्या दिवशीची रेघ तेवढी आडवी. मोजल्या, तर उभ्या ७० भरल्या. अवकाळीने दुपारी काम थांबलं ते दिवस मी धरलेच नव्हते. त्यांच्या हिशेबाने सकाळी बागेत उतरलं की दिवस भरला. खरं सांगायचं तर मला आधी राग आला, शरम नंतर वाटली. ९ दिवसांचे पैसे दिले. तेव्हापासून वह्या दोन असतात, एक टोळीकडे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली तेही दोन्हीकडे लिहितो, आणि पावसाच्या दिवसाचं काय ते छाटणीच्या आधीच बोलून घेतो. सामाजिक उद्योग म्हणून तुम्ही बोर्ड लावाल तेव्हा ही दुसरी वही कोणाकडे आहे, हे मी पहिल्यांदा विचारीन.

निर्वासित कुटुंबं मिळायला वेळ लागेल. तोवर पेठ-सुरगाण्याची दोन-तीन कुटुंबं घेऊन एक हंगाम काढा. हातमोजे, सावली, लहान पोरांसाठी जागा, एवढं तरी नीट जमतं का बघा. पेस्ट लावताना हातमोजे लागतातच, त्यात काटकसर नको.

आणि गिरणाऱ्याच्या त्या जमिनीवर सही करण्याआधी विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. मालकाला विचारू नका.