स्वस्तातला गॅस स्टोव्ह ट्रेकला चालेल का?

चालेल रे, पण आज घेतला आणि उद्या सरळ गडावर नेला असं करू नकोस. आधी घरी गॅलरीत दोन-तीनदा चहा करून बघ, आतली रबरी रिंग चिरलेली नाही ना ते बघ आणि कॅनिस्टर, म्हणजे गॅसचा छोटा डबा, लावला की जोडावर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर तो स्टोव्ह वापरायचाच नाही. माझ्या एका स्वस्त स्टोव्हचे पाय लालभडक होऊन वाकले आणि भाताचं पातेलं कलंडलं, तेव्हापासून अशा स्टोव्हवर मी लिटरभराच्या वरचं भांडं ठेवतच नाही. खरा त्रास वाऱ्याचा, छोट्या बर्नरची ज्योत कड्यावर टिकत नाही, दगडाचा आडोसा कर पण कॅनिस्टर चारी बाजूंनी झाकू नकोस, तापून फुटू शकतो. उन्हाळ्यात सह्याद्रीत गवत वाळलेलं असतं, खाली सपाट कातळ हवाच. हिमालयात थंडीत जाणार असशील तर स्टोव्हपेक्षा गॅस बघून घे, नुसत्या ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिक्स घे. विमानात कॅनिस्टर नेता येत नाही, तिकडे पोचूनच घे. आणि तंबूत कधीच पेटवू नकोस, जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.