लाकडी फ्लोअर: सगळं तासायचं की नुसता वरचा हात द्यायचा?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय. १९५८ साली बांधलेलं घर त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं. यंदा बेडरूम आणि लिव्हिंग रूममधलं जुनाट कार्पेट उचकटलं, तर खाली रेड ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या निघाल्या. सगळं मिळून ९५० चौरस फूट. कार्पेटखालचं लाकूड बरं आहे. पॅसेज आणि स्वयंपाकघराच्या दारापुढचा भाग कायम उघडाच होता, तो करडा पडलाय. हा भाग साधारण १८० चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरने तीन भाव दिलेत: पूर्ण सॅन्डिंग, म्हणजे लाकूड मशीनने तासून, वर तीन कोट, चौरस फुटाला ५ डॉलर, म्हणजे ४,७५०. नुसतं बफिंग आणि एक कोट, पावणेदोन डॉलर. किंवा सगळ्यावर व्हिनाइल पट्ट्या, ५,७००. यातल्या व्हिनाइलला दुकानाच्या क्रेडिट कार्डावर '१८ महिने बिनव्याजी'. घरात एकाचाच पगार, तोही एच-वन-बी व्हिसावर. बँकेत १४,००० डॉलर, महिन्याचा खर्च ५,२००. मुलगी तीन वर्षांची. गणपतीला सासू-सासरे नाशिकहून येतायत आणि तोवर घर नीट दिसावं ही इच्छा.

ताई, आधी ते बिनव्याजी कार्ड बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेल्या कागदावर खाली बारीक अक्षरांत २९.९९ टक्के लिहिलंय. हे व्याज माफ नसतं, नुसतं थांबवून ठेवलेलं असतं. महिन्याला ३०० डॉलर भरायचं तुमच्या मनात आहे. १८ महिन्यांत ५,४०० होतात, मागे ३०० राहतात. त्या तीनशेपायी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं, आणि ते चौदाशे डॉलरच्या पुढेच जाईल. शिवाय चांगल्या ओकवर प्लास्टिक घालायला मी तरी कुणाला पैसे काढू देणार नाही. व्हिनाइलचा वरचा थर झिजला की ते घासून नवं करता येत नाही, उचलून फेकावं लागतं. तुमच्या पायाखालचं लाकूड साठहून जास्त वर्षं टिकून पुन्हा कामाला तयार आहे.

आता खरा प्रश्न, सॅन्डिंग की बफिंग. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, एकदाच सगळं करून मोकळे व्हा. त्याच्या सोयीचं आहे ते. मी याच्याकडे मुद्दल आणि व्याज म्हणून बघतो. ओकची पट्टी पाऊण इंच जाड असते, पण दोन पट्ट्या एकमेकींत अडकवणारी जी कड असते तिच्या वर जेमतेम पाव इंच लाकूड असतं. घासण्यापुरतं मुद्दल तेवढंच. प्रत्येक सॅन्डिंगमध्ये त्यातलं अर्धा-एक मिलिमीटर जातं आणि ते परत येत नाही. बफिंगमध्ये लाकडाला हात लागत नाही. बारीक जाळीची चकती वरच्या फिनिशवर, म्हणजे लाकडावरच्या वॉर्निशसारख्या थरावर, फिरवून ती जराशी खरवडतात आणि त्यावर नवा कोट देतात. बेडरूममधलं बरं असलेलं लाकूड तासायला ५ डॉलर फुटाने पैसे देणं म्हणजे मुद्दल मोडण्यासाठी वर फी भरणं.

मुद्दल किती उरलंय ते फुकटात बघता येतं. जमिनीतल्या हीटिंगच्या झरोक्याची जाळी उचला आणि कापलेल्या कडेला पट्टीने मोजा. त्या अडकवणाऱ्या कडेच्या वरचं लाकूड तीन मिलिमीटरच्या खाली असेल, किंवा फटींतून खिळ्यांची डोकी दिसत असतील, तर याआधी कुणीतरी दोन-तीनदा घासून झालंय, आणि पुढचं सॅन्डिंग फार जपून करायचंय.

दुसरी चाचणी पाण्याची. खोलीत दोन-तीन ठिकाणी चार-चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर फिनिश शाबूत आहे, बफिंग चालेल. मिनिटा-दोन मिनिटांत खालचं लाकूड काळसर झालं तर तिथे फिनिश उरलेलंच नाही, आणि उघड्या लाकडात शिरलेली घाण बफिंगने निघत नाही. तुमच्या पॅसेजचा करडा रंग मला तेच सांगतोय, पण थेंब टाकून खात्री करा.

तिसरी चाचणी मात्र कॉन्ट्रॅक्टर करत नसेल तर तुम्हीच करायची. पांढऱ्या कापडावर थोडं मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, आणि कपाटातल्या कोपऱ्यात चोळा. कापडाला पिवळट-तपकिरी चिकट थर आला तर ते मेण. तुमच्या घराच्या वयाच्या फ्लोअरवर ते असण्याची दाट शक्यता आहे. मेणावर पॉलियुरेथेन, म्हणजे नव्या कोटचं फिनिश, धरत नाही, काही आठवड्यांत पापुद्रे सुटतात आणि मग सॅन्डिंगशिवाय गत्यंतर नसतं. म्हणजे आधी खोल्यांच्या बफिंगचे १,३५० गेले आणि वर पुन्हा ५ डॉलर फूट. असं झालेली एक-दोन घरं माझ्या अशिलांत आहेत. मेण निघालं तर वैतागू नका. बेडरूममध्ये मेणाचाच पातळ हात देऊन मशीनने चकाकी आणता येते आणि तो सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. फक्त अशा फ्लोअरवर ओला पोचा फिरवायचा नाही. मेण नाही निघालं तरी कपाटात फूटभर जागेवर नवा कोट लावायला सांगा, वाळल्यावर नाण्याने खरवडून बघा. सुटला नाही तरच पुढे जा.

आता तुमच्या पैशांकडे. १४,००० म्हणजे पावणेतीन महिन्यांचाही खर्च नाही. त्यातून ४,७५० काढले तर दोन महिनेसुद्धा उरत नाहीत. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी धरायला किंवा आवरायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तुमच्यासारख्या घराला मी सहा महिन्यांचा साठा सांगतो, म्हणजे ३१,२००. तिथवर पोचायला वेळ लागेल, कबूल. पण तिथून उलट्या दिशेने निघू नये एवढं तरी पाळू या.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून चौथा भाव मागा: आत्ता फक्त त्या १८० फुटांचं सॅन्डिंग. हिशोबाने ९०० होतात. काम छोटं म्हणून तो जास्त सांगेल. १,३०० पर्यंत द्या, त्यावर दुसरा माणूस बघा. हे काम थांबवू नका, कारण उघडं लाकूड रोज पाणी पितंय. स्वयंपाकघराच्या दारात पट्ट्या काळ्या पडून कडा वर आल्या की तासून भागत नाही, पट्ट्या बदलाव्या लागतात. बेडरूम आणि लिव्हिंग रूमचे ७७० फूट पुढच्या वर्षी टॅक्स रिफंड आला की बफ करा, साडेतेराशेच्या आसपास. दोन्ही मिळून २,६५० च्या वर जायचं कारण नाही आणि एक पैसाही उधार नाही. पॅसेज उजळ आणि खोल्या जुन्या रंगाच्या दिसतील का? दिसतील. जोड दाराच्या उंबऱ्याखाली येईल असं करून घ्या.

एका गोष्टीवर काटकसर नको. १९७८ च्या आधीच्या घरांत रंगात आणि जुन्या वॉर्निशमध्ये शिसं असू शकतं, आणि सॅन्डिंगची धूळ लहान मुलाला सगळ्यांत वाईट. घासण्याआधी तपासणी करून घ्या, आणि शिशाच्या कामाचं ईपीएचं (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचं) प्रमाणपत्र असलेलाच कॉन्ट्रॅक्टर घ्या. तेवढ्यासाठी शंभर-दोनशे जास्त गेले तरी हरकत नाही. फिनिश पाण्याचं (वॉटर-बेस्ड) मागा. तेलाचं थोडं स्वस्त पडतं आणि ओकवर मधासारखा रंग छान येतो, पण वास कित्येक दिवस जात नाही, आणि मुलीला घेऊन हॉटेलात राहिलात तर वाचलेले पैसे तिथेच गेले. काम गणपतीच्या किमान महिनाभर आधी संपवा, कारण फिनिश पूर्ण पिकेपर्यंत वर गालिचा टाकता येत नाही.

तुमच्या यजमानांनी विचारलंय, यावर टॅक्स वाचेल का? नाही. राहत्या घराची ही देखभाल धरली जाते. घराची किंमत वाढेल का? अमेरिकेतल्या रिअल्टरांच्या संघटनेने २०२२ च्या अहवालात फ्लोअर रिफिनिशिंगचा खर्च १४७ टक्के वसूल होतो असा अंदाज दिला होता. आकडा घरं विकणाऱ्यांचा आहे, आणि तुम्ही दहा वर्षं तरी विकणार नाही म्हणता. विकायच्या वर्षी सॅन्डिंग करा, तेव्हा मुद्दल शिल्लक असलेलं उपयोगी पडेल.

यापुढे महिन्याला ३० डॉलर वेगळ्या खात्यात टाकत जा. साडेचार-पाच वर्षांत पुढच्या बफिंगचे पैसे त्यातच जमतील आणि असा प्रश्न पुन्हा पडणार नाही. आपल्या घरांत चपला दारात काढतात, ही बचतच आहे, कारण फ्लोअर खातात ते बुटांखालचे वाळूचे कण. पण रांगोळी म्हणजे तीच वाळू! दगडाची पूड असते ती. ती बाहेर पोर्चवर काढा, आत हवी तर पाटावर. चौरंगाच्या पायांना फेल्ट लावा, समईखाली ताट ठेवा. वाफेचा मॉप आणि 'एका रात्रीत चमक' वाल्या बाटल्या दोन्ही नकोत. त्या बाटल्यांतला थर पुढच्या कोटला धरू देत नाही.

आणि सासू-सासऱ्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे पाहुण्यांचा आरोग्य विमा, काढलात का? पत्रात कुठे उल्लेख नाही. दोघांची वयं, बीपी-शुगर आणि राहण्याचे दिवस मला कळवा. इथल्या इमर्जन्सी रूमच्या एका बिलापुढे फ्लोअरचे तिन्ही भाव किरकोळ ठरू शकतात. तिकिटांच्या तारखा पक्क्या झाल्या असतील तर कॉन्ट्रॅक्टरला फोन करण्याआधी हे काम करा.