पॉलिसी लेकीच्या नावावर, बापाच्या नावावर काहीच नाही

कोल्हापूरच्या एका वाचकांचे पत्र आहे. शिवाजी उद्यमनगरात त्यांचे छोटे मशिन शॉप आहे, फौंड्रीवाल्यांचे टर्निंगचे जॉबवर्क करतात. वय ४७, विवरणपत्रातले वर्षाचे उत्पन्न साडेसात लाख. घरी आई, पत्नी, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. एफडी नऊ लाखांची, मशिनच्या कर्जाची बाकी १४ लाख. मुलीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे. रविवारी सकाळी ती पंचगंगेच्या घाटावर जलरंग घेऊन बसते, आणि जीवशास्त्रही तितक्याच मनापासून वाचते. नीटच्या सराव परीक्षेत ७२०पैकी ४२० ते ४४० गुण पडतात. ते विचारतात: "मेडिकलला घालू की फाइन आर्टला? पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचे काय?" मेरिटमध्ये नंबर लागला नाही तर घर तारण ठेवून ६० लाख उचलायचे आणि डीम्डला, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजात, प्रवेश घ्यायचा, अशी त्यांची तयारी आहे. "डॉक्टर झाली की पाच वर्षांत फेडेल. शिवाय तिच्या शिक्षणाची पॉलिसी आहेच." पत्रासोबत त्या पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण मला त्या फोटोबद्दल बोलायचे आहे.

मेडिकल की कला हे पैशावरून ठरवायची वेळ तुमच्यावर आलेलीच नाही. सरकारी कॉलेजात एमबीबीएसची फी वर्षाला साधारण दीड लाख धरा. तुमच्या गावातच सीपीआर रुग्णालयाला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नंबर लागला तर राहण्या-जेवणाचाही खर्च नाही. साडेचार वर्षांची फी आणि पुस्तके मिळून सात-आठ लाख. बाहेरगावी गेली तर बारा लाख. फाइन आर्टची पदवी चार वर्षांची आणि तिचा खर्च याहून कमी. कलानिकेतन, दळवीज यांच्यासारख्या संस्था गावातच आहेत. म्हणजे हे दोन्ही रस्ते तुम्हाला कर्जाशिवाय परवडतात. न परवडणारा रस्ता एकच आहे, डीम्डचा, आणि नेमकी त्याचीच तुम्ही तयारी चालवली आहे.

डीम्डची एमबीबीएसची फी वर्षाला २० ते २५ लाखांच्या घरात असते. साडेचार वर्षांचे एक कोटी झाले. तुमचे ६० लाख त्यात निम्म्याच्या थोडे पुढेच संपतात. १० टक्के व्याज आणि १५ वर्षांची मुदत धरली तर ६० लाखांचा महिन्याचा हप्ता साडेचौसष्ट हजार होतो. तुमचे महिन्याचे उत्पन्न साडेबासष्ट हजार आहे. बँक या आकड्यांवर कर्ज देणार नाही, म्हणून तुम्ही एखाद्या पतसंस्थेकडे जाल. तिथे १४ टक्क्यांनी तोच हप्ता ऐंशी हजारांवर जाईल, आणि घर तारण असल्याने तो पहिल्या महिन्यापासून सुरू होईल. मुलगी साडेपाच वर्षांनी इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल. पुढे पीजी करायचे तर नीट-पीजी आणि आणखी तीन वर्षे. स्वतःचा जम बसेपर्यंत ती अठ्ठावीसची आणि तुम्ही अठ्ठावन्नचे. "पाच वर्षांत फेडेल" हे वाक्य ज्यांनी तुम्हाला सांगितले त्यांनी हा हिशेब केलेला नाही. असे कर्ज डोक्यावर असताना ती हातात ब्रश घेईल, गावात परत येऊन दवाखाना काढेल किंवा कमी पगाराचे पण आवडीचे काम धरेल, अशी आशा ठेवू नका. साठ लाखांच्या कर्जापुढे तिला आवडीनिवडीला जागाच उरणार नाही.

ओळखीतल्या कुणी दोन लाख टोकन मागितले आहे, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. ते देऊ नका. डीम्डच्या जागाही नीटच्या रँकवर, केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीच्या (एमसीसी) ऑनलाइन फेऱ्यांतूनच भरतात. मधला माणूस जागा राखून ठेवू शकत नाही. दिलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि तक्रार करायला पावतीही नसते.

आता तो फोटो.

त्यावर लिहिले आहे: विमाधारक, मुलीचे नाव. प्रस्तावक, तुमचे नाव. विमा रक्कम १५ लाख, मुदत २० वर्षे, वार्षिक हप्ता १ लाख २० हजार. हप्तामाफीच्या रायडरसमोर, म्हणजे तुमच्यामागे पुढचे हप्ते माफ करणाऱ्या जोडकलमासमोर, रेघ मारलेली आहे. याचा अर्थ तुम्हाला दहा वर्षांत कुणी समजावून सांगितला नाही, म्हणून मी सांगतो. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर ही पॉलिसी तुमच्या घराला एक रुपया देणार नाही. उलट पुढचा हप्ता तुमच्या पत्नीला भरावा लागेल. विमा अशा माणसाचा काढतात ज्याच्या कमाईवर घर चालते. सात वर्षांच्या मुलीच्या कमाईवर कुणाचे घर चालत होते? पॉलिसी विकणारे नात्यातले आहेत, त्यांचे मन मोडवले नाही, असे तुम्ही लिहिता. त्यांना पहिल्या वर्षीच घसघशीत कमिशन मिळाले. तुमच्या घरात मात्र दहा वर्षे विम्याच्या नावाने पैसे जात राहिले आणि कमावत्या माणसावर विमाच नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. पॉलिसी "शिक्षणासाठी" म्हणून विकली, पण पैसे हातात येणार मुलगी २७ वर्षांची झाल्यावर. एमबीबीएस असो की फाइन आर्ट, सत्ताविसाव्या वर्षी पदवीची फी कुणी भरत नाही.

तिसरी परताव्याची. एजंटने तोंडी सांगितलेले ४० लाख आले असे धरले तरी २० वर्षांत २४ लाख भरून ४० मिळणे म्हणजे साडेचार टक्क्यांच्या किंचित वर. हेच पैसे ७.१ टक्क्यांनी पीपीएफमध्ये ५३ लाख होतात. सुकन्या समृद्धी २०१५ साली सुरू झाली. तुमची मुलगी तेव्हा दहाच्या आत होती, म्हणजे खाते उघडता आले असते. तिथे वर्षाला १ लाख २० हजार भरले असते तर सरासरी आठ टक्के धरून आज साधारण पावणेएकोणीस लाख जमले असते, आणि त्यातले निम्म्यापर्यंत उच्च शिक्षणासाठी आताच काढता आले असते. पोस्टात मिळणारी ही योजना एजंटने सुचवली नाही.

म्हणून आता रागाच्या भरात पॉलिसी मोडा, असे मी म्हणणार नाही. अशा पॉलिसीत तोट्याची वर्षे सुरुवातीची असतात आणि ती तुम्ही भोगून झाली आहेत. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. समजा सरेंडरचे १० लाख सांगितले. मग इथून पुढे हप्ते भरत राहण्याचा परतावा असा निघतो: शेवटी खरोखर ४० लाख आले तर जवळजवळ आठ टक्के, बोनस कमी पडून ३४ लाखच आले तर पावणेसहा. म्हणजे नुसत्या टक्क्यांकडे पाहिले तर चालू ठेवणे वेडेपणाचे नाही. पेड-अप मात्र सोयीचे वाटले तरी सहसा सगळ्यांत वाईट पडते, कारण दहा वर्षे पैसे अडकून राहतात आणि वाढत जवळजवळ नाहीत.

तरी माझा कल सरेंडरकडेच आहे. हप्ता भरल्यावर वर्षाअखेर हातात काही उरत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. मग तुमच्या स्वतःच्या विम्याचा हप्ता कुठून येणार? आणि फी लागणार आहे ती याच वर्षापासून, दहा वर्षांनी नाही.

तुमच्यावर किती विमा हवा ते पाहू. घरखर्च महिन्याला ३५ हजार, म्हणजे वर्षाला सव्वाचार लाख. आई, पत्नी आणि धाकटा धरून पंधरा वर्षांची सोय म्हणजे साधारण ६५ लाख. मशिनच्या कर्जाची बाकी १४ लाख. दोन्ही मुलांचे शिक्षण २० लाख. बेरीज एक कोटी. ४७व्या वर्षी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा), ६५पर्यंतचा, तंबाखू नसेल तर वर्षाला तीस हजारांच्या आसपास पडावा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. मुलीच्या पॉलिसीला तुम्ही याच्या चौपट भरत आलात.

अर्ज भरताना एकही गोष्ट लपवू नका. तंबाखूचा मावा खात असाल तर तसे लिहा. बीपीची गोळी चालू असेल तर तीही. हप्ता दोन-चार हजारांनी वाढेल, पण लपवलेली गोष्ट पुढे दाव्याच्या वेळी पत्नीच्या अंगावर येते. आणि ही पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्या. अर्जासोबत एक पुरवणी फॉर्म असतो, त्यात पत्नी आणि मुलांची नावे लाभार्थी म्हणून लिहायची. धंद्याचे कर्ज असलेल्या माणसाने हे केलेच पाहिजे, कारण मग ती रक्कम पत्नी-मुलांचीच राहते आणि तुमच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर नाही. आरोग्य विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. नसेल तर कुटुंबाचा दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच विमा, घ्या, आईंचा वेगळा.

आता मुलीकडे परत येऊ. सरेंडरचे १० आणि एफडीचे ९ मिळून १९ लाख. तीन लाख अडीनडीला बाजूला, चार लाख धाकट्यासाठी. राहिले बारा लाख. हा आकडा मुलीला स्पष्ट सांगा. सतरा वर्षांच्या मुलीपासून घरची परिस्थिती लपवून तिला निर्णय घ्यायला लावणे बरोबर नाही. या बारा लाखांत सरकारी एमबीबीएस बसते, गावातली किंवा मुंबई-पुण्याच्या सरकारी, अनुदानित कॉलेजातली फाइन आर्ट बसते. वर्षाला चार-पाच लाख फी घेणाऱ्या चकचकीत डिझाइन संस्था बसत नाहीत. त्यांनाही डीम्डइतकेच ठामपणे नाही म्हणा. पदवीनंतर स्टुडिओतला पहिला पगार वीस-पंचवीस हजार असतो, आणि वीस लाख घातल्याने तो दुप्पट होत नाही. कर्ज नसेल तर त्या पगारावर ती उभी राहील.

तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार केंद्रीभूत प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलीचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातही. डीम्ड, खासगी विद्यापीठे आणि मॅनेजमेंट कोटा यातून वगळले आहेत. तहसीलमधून दाखले आत्ताच काढायला घ्या, निकालानंतर तिथे रांगा लागतात.

नीट आणि फाइन आर्टची सीईटी दोन्हींचे फॉर्म भरू द्या. नीटचा निकाल लागल्यावर गुण पाहू नका, रँक पाहा. २०२४ आणि २०२५मध्ये त्याच गुणांना पूर्णपणे वेगळी रँक मिळाली होती. सरकारीचा नंबर थोडक्यात हुकला आणि तिची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष पुन्हा द्यायला हरकत नाही. क्लासचे दीड-दोन लाख बारा लाखांतून जातील, हेही तिला सांगा. दुसरे वर्ष नको. आणि ती म्हणाली की मला चित्रच काढायचे आहे, तर पैशाचे कारण पुढे करून तिला अडवू नका. ते कारण तुमच्याकडे नाही.

या महिन्यात क्रम असा ठेवा. आधी टर्मचा अर्ज आणि वैद्यकीय तपासणी, तीन वर्षांची विवरणपत्रे जोडून. मग आरोग्य विमा. मग पॉलिसीचे ते दोन आकडे. सरेंडरचे १० लाखांपेक्षा बरेच कमी सांगितले तर काही सही करण्याआधी मला पुन्हा लिहा, उत्तर बदलू शकते. आणि शाखेत स्वतः जा, नात्यातल्या त्या गृहस्थांना सोबत नेऊ नका. ते तिथे बसून एक नवी पॉलिसी काढायला लावतील.