म्हाताऱ्या किलीफिशच्या मेंदूत बीडीएनएफचा आरएनए वाढतो, मग प्रथिन का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा: टर्क्वॉइज किलीफिश या अल्पायुषी माशाच्या मेंदूत वयाबरोबर बीडीएनएफचा (चेतापेशी जगवणाऱ्या वाढीच्या प्रथिनाचा) आरएनए क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे आरएनए मोजणाऱ्या चाचणीत, वाढलेला दिसतो, पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणाऱ्या चाचणीत, १४ किलोडाल्टनला (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) बँडच नाही. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं असू शकतं. बीडीएनएफ आधी सुमारे ३२ किलोडाल्टनच्या पूर्वरूपात तयार होतो. फ्युरिन, प्लाझमिन अशी एन्झाइम्स तो कापतात, तेव्हा १४ चा पक्व रेणू सुटतो. पक्व रेणू ट्रकबी या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनावर) बसून चेतापेशी जगवतो. न कापलेला पी७५ या दुसऱ्या रिसेप्टरवर बसतो आणि पेशीला मरणाकडेही ढकलू शकतो. म्हणजे आरएनए तेवढाच असला तरी परिणाम अगदी उलटे होऊ शकतात. केवळ आरएनए पाहून 'वाढीचं प्रथिन वाढलं' असं कृपया लिहू नका. एकाच लेनमधले दोन्ही बँड मोजा आणि त्यांचं गुणोत्तर द्या.

त्याआधी आरएनएचा आकडाही तपासा. या जनुकाचा प्रथिन बनवणारा भाग जवळजवळ सगळा एकाच एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या एकाच सलग तुकड्यात, आहे. तिथे प्रायमर (क्यूपीसीआर कुठून सुरू व्हायचं ते ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) बसवले की नमुन्यात उरलेला डीएनएसुद्धा तितक्याच लांबीचा तुकडा देतो. डीएनए नष्ट करणारं डीएनेझ द्या आणि आरएनएपासून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब प्रत्येक नमुन्यासोबत चालवाच. तुलनेसाठी स्थिर मानलेलं संदर्भ जनुक म्हणून एकट्या अ‍ॅक्टिनवर विसंबू नका, तोही वयाबरोबर बदलू शकतो.

आता १४ चा हरवलेला बँड. जेलमधून प्रथिन मेम्ब्रेनवर उतरवताना (ट्रान्स्फर) एवढं लहान प्रथिन ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून सहज आरपार जातं. १५ टक्के जेल घ्या, मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनची, आणि ट्रान्स्फरची वेळ कमी करा. एकदा मागे दुसरी मेम्ब्रेन लावून बघा. बँड तिच्यावर सापडला तर प्रश्न मिटला. मेंदू काढल्या काढल्या बर्फावर, प्रोटिएझ इनहिबिटर (प्रथिन कापणाऱ्या एन्झाइम्सना रोखणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये टाका, नाहीतर प्रथिन तुमच्या ट्यूबमध्येच कापलं जातं.

अँटिबॉडीचा घोळ वेगळा. पक्व भाग मासे आणि सस्तन प्राण्यांत खूप सारखा असल्याने उंदरासाठी बनवलेली अँटिबॉडी बरेचदा चालते. पूर्वरूपाचा पुढचा तुकडा मात्र प्रजातीगणिक बदलतो, तिथे ती चालेलच असं नाही. शिवाय एनजीएफ आणि एनटी-३ ही वाढीची प्रथिनं याच घराण्यातली, माशांत वर एनटी-६ सुद्धा. म्हणून शुद्ध एनजीएफ आणि एनटी-३ शेजारच्या लेनमध्ये चालवा. तिथे बँड आला तर ती अँटिबॉडी बाजूला ठेवा.

मेंदूचे काप रंगवत असाल तर लिपोफ्युसिनपासून जपा. म्हाताऱ्या चेतापेशींत साचणारे हे कण हिरव्या आणि लाल, दोन्ही फिल्टरमध्ये स्वतःच चमकतात आणि 'वयाबरोबर वाढलेलं प्रथिन' म्हणून हुबेहूब खपतात. अँटिबॉडी न लावलेला म्हातारा काप नेहमी सोबत ठेवा. ७० टक्के इथेनॉलमधला ०.१ टक्के सुदान ब्लॅक हा रंग ही चमक बरीच दाबतो.

राहिला वयाचा हिशोब. झिंबाब्वेच्या गोनारेझोउमधून आलेला जीआरझेड वाण १२ आठवड्यांत म्हातारा दिसतो. मोझांबिकचे वाण त्या वयात ऐन उमेदीत असतात. पाणी २६ ऐवजी २२ अंशांवर असलं तरी म्हातारपण लांबतं. त्यामुळे आठवड्यांसोबत वाण आणि तापमानही लिहा.