आई खरंच विसरते आहे का?

"आईला स्मृतिभ्रंश झालाय. आता पुढची सोय काय करायची, तेवढं सांगा." वृद्धांच्या मानसोपचारात मुलं बरेचदा निदान स्वतःच करून येतात. इथे आई 72 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. (अनेक घरांत दिसलेल्या गोष्टी एकत्र करून हा अनुभव मांडला आहे, कोणा एका व्यक्तीची ही हकीकत नाही.) मुलीने यादीच आणली होती: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, दोनदा गॅस चालू राहिला, बँकेचं पासबुक सापडत नाही, वाचन बंद, बोलणं बंद.

पहिला प्रश्न मुलीला: हे कधी सुरू झालं? उत्तर लगेच आलं, "बाबा गेले त्यानंतर दोन महिन्यांनी." या उत्तराला फार किंमत आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, घरच्यांना सुरुवात नेमकी सांगता येत नाही. "दोन-तीन वर्षं झाली असतील, आधी लक्षात आलं नाही" असं ते सांगतात. महिना सांगता येतो तेव्हा नैराश्याची शंका घ्यावी, कारण त्यातही माणूस विसरू लागतो. आणि काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस गोंधळला, मध्येच शुद्धीवर तर मध्येच भ्रमात, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, नवी गोळी यांपैकी काहीतरी बहुधा निघतं. त्याला 'वयाचं आहे' म्हणून घरी बसून राहणं जिवावर बेतू शकतं.

मग आईशी एकटीशी बोलणं. मुलगी शेजारी असली की उत्तरं तीच देते. बाईंना उजव्या कानाने कमी ऐकू येत होतं, म्हणून डाव्या बाजूला, चेहरा दिसेल असं बसून, ओरडून नव्हे तर सावकाश बोलायचं. ऐकूच आलं नाही तर स्मरणशक्तीचे गुण आपोआप कमी पडतात, ही चूक वारंवार होते.

"बाई, विसरायला होतं का?"

"सगळंच. डोकंच चालत नाही माझं. मुलीला उगाच त्रास."

स्मृतिभ्रंश असलेला माणूस बहुधा विसरणं झाकतो, चुकीचं उत्तर ठामपणे देतो, अडला की घरच्यांकडे बघतो. नैराश्यातला माणूस विसरण्याचीच तक्रार करतो आणि प्रयत्न करण्याआधी "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. हा फरक पक्का नियम नव्हे, पण दिशा दाखवतो. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा त्यांना एकच आठवला. "एक फळ होतं" अशी खूण देताच दुसरा आला, तिसराही खूण देताच आला. म्हणजे शब्द मनात नोंदले गेले होते, बाहेर काढायला बळ नव्हतं. अल्झायमरमध्ये खूण देऊनही फारसं हाती लागत नाही.

त्यानंतर घड्याळ. कोऱ्या कागदावर गोल काढा, आकडे भरा, 11 वाजून 10 मिनिटं दाखवा. बाईंनी पेन्सिल हातात घेतली आणि तशाच बसून राहिल्या. "नाही जमायचं." घाई न करता थांबलो. दीड-दोन मिनिटांनी गोल उमटला, मग 12, 6, 3, 9 आणि मग मधले आकडे. काटे अगदी बरोबर. स्मृतिभ्रंशात आकडे एका बाजूला गर्दी करतात, किंवा मोठा काटा 2 ऐवजी 10 वरच जातो. इथे हात संथ होता, पण मांडणी शाबूत होती.

30 गुणांच्या स्मरणचाचणीत बाईंना 22 पडले. एवढ्या आकड्यावरून कोणी स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारला असता तर तो चुकीचा ठरला असता. वृद्धांसाठीच्या 15 प्रश्नांच्या नैराश्य प्रश्नावलीत मात्र 11 आले. 5 च्या वर गेलं की नैराश्याची शंका घेतात. या प्रश्नावलीत झोप-भुकेचे प्रश्न मुद्दाम नाहीत, कारण त्या गोष्टी वयानेही बदलतात. ते वेगळं विचारलं: पहाटे तीनला जाग, सकाळ सर्वांत जड, संध्याकाळी जरा बरं, वजन 4 किलो उतरलेलं. "जगून काय करायचं, असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" हेही स्पष्टच विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बाई म्हणाल्या, "झोपेतच जावं असं वाटतं." काही ठरवलेलं नव्हतं, तरी गोळ्यांचा साठा मुलीकडे ठेवला आणि आईकडे एका दिवसापुरत्याच द्यायला सांगितलं.

गोळ्यांची पिशवी तर प्रत्येक वेळी मागावीच, चिठ्ठी पुरत नाही. या पिशवीत नऊ प्रकार निघाले. त्यांतले महत्त्वाचे चार: पतीच्या निधनानंतर झोपेसाठी सुरू झालेली अल्प्राझोलम 0.5 मिलिग्रॅम, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइन असलेली गोळी, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षं. ऑक्सिब्युटिनिन आणि क्लोरफेनिरामाइन मेंदूतल्या अॅसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात, म्हणजे आठवणीच्या यंत्रणेलाच अडसर. अल्प्राझोलमने दिवसा सुस्ती येते आणि पडण्याचा धोका वाढतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली तर बी-12 घटू शकतं. तपासलं, कमी निघालं. सोबत थायरॉइड, सोडियम, साखर, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन आणि आडवं-उभं राहून रक्तदाब.

सर्दीची गोळी लगेच बंद. लघवीची गोळी, ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून बदलली. अल्प्राझोलम एकदम थांबवली तर अस्वस्थता आणि निद्रानाश उसळतो, कधी झटकेही येतात. म्हणून दर 2 आठवड्यांनी पाव गोळी कमी. नैराश्यासाठी सर्ट्रालिन 25 मिलिग्रॅमपासून, आठवड्याने 50. या वयात या औषधांनी सोडियम उतरू शकतं, त्यामुळे दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. नव्याने गोंधळ, मळमळ, तोल जाणं दिसलं तर वाट न पाहता कळवायचं. मुलीला आणखी एक गोष्ट आधीच सांगितली: असर दिसायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो, 8 ते 12 आठवडे धरून चाला. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून औषध सोडणारी कुटुंबं पुष्कळ असतात.

घरी मुलगी रोज "आज वार कोणता?" अशी परीक्षा घेत होती. ते थांबवलं, चुकलं की बाई अधिक आक्रसत. "मन रमव" म्हणणंही थांबवलं, कारण त्यात करण्यासारखं काहीच नसतं. त्याऐवजी ठरलेल्या वेळी एकच काम: सकाळी वीस मिनिटं बाहेर उजेडात चालणं. दुसऱ्या आठवड्यात नातवाची गणिताची वही तपासणं त्यात मिळवलं. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही. आधी काम, इच्छा मागून येते.

सहाव्या आठवड्यात झोप पाचपर्यंत लांबली. बाराव्या आठवड्यात नैराश्याचे गुण 4, स्मरणचाचणीत 27. पासबुक कुठे आहे ते त्यांनीच मुलीला सांगितलं.

"म्हणजे आता स्मृतिभ्रंश होणार नाही ना?" मुलीचा शेवटचा प्रश्न. तसं वचन देता येत नाही. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य काहींमध्ये पुढच्या स्मृतिभ्रंशाची नांदी असतं. म्हणून औषध बरं वाटल्यावरही किमान वर्षभर, आणि दर 6 महिन्यांनी तेच तीन शब्द, तेच घड्याळ. पहिला कागद तारीख घालून फाइलला लावला आहे.